एकोणिसावा मजला विकणे आहे

ब्रेकसाहेबांनी स्टुलावर चढून दिवाणखान्यातल्या लोंबत्या दिव्याची साखळी पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने ओढली, पडद्याच्या दांडीला बांधली, गाठ दोनदा तपासली आणि खाली उतरून लांबून पाहिले. दिवा हलत नव्हता. बाहेर सकाळपासून वारा सुटला होता, आणि वाऱ्यात हा मनोरा वरच्या अंगाला किंचित डुलत असे. डुलणे हे उंच इमारतीच्या चांगल्या प्रकृतीचे लक्षण असते. परंतु घर पाहायला आलेल्या माणसाला हे पटवून देईपर्यंत त्याचे मन उडालेले असते, हा धडा त्यांना मागच्या गिऱ्हाइकाने दिला होता.

"बांधलात दिवा?" खिडकीजवळच्या खुर्चीतून बायकोने विचारले.

"सरळ केला."

"सरळ केला म्हणे! मला डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी दिसतं अजून. आधी स्टूल कुरकुरलं, मग तुमचे गुडघे. येणाऱ्या बाईंना चक्कर आली तर त्यांनाही बांधून ठेवा."

टेबलावरचा काठोकाठ भरलेला पाण्याचा जग ब्रेकसाहेबांनी उचलून आत नेला. पाण्यावर तरंग उठतात.

हा मनोरा मुळात राहण्यासाठी बांधलेलाच नव्हता. लिफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्याने नव्या लिफ्टची चाचणी घेण्यासाठी तो उभारला होता. आत एकही माणूस राहत नसताना लिफ्ट मात्र दिवसभर वर-खाली धावत. शहरात कोठेही वाट चुकलेला माणूस आधी मान वर करून मनोरा शोधी आणि मग दिशा ठरवी. पुढे कारखाना दुसरीकडे गेला, मनोरा एका बिल्डरने घेतला, आणि जेथे वजनाची पोती भरून लिफ्ट पाडून पाहत असत तेथे संगमरवरी फरशी आली. एका मजल्यावर एकच घर. त्यामुळे माणसे एकमेकांना मजल्यानेच ओळखू लागली. सातवे, बारावे, चौदावी. ब्रेकसाहेबांची सारी नोकरी येथेच ब्रेक-विभागात गेली होती आणि हे नावही तेथलेच. निवृत्त झाल्यावर, कारखान्याच्या काळी त्यांचे टेबल होते तोच एकोणिसावा मजला त्यांनी हट्टाने घेतला. 'लोक निवृत्त होऊन घरी जातात, हे निवृत्त होऊन कचेरीत राहायला आले,' असे बायको येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगे.

तेव्हा येणारे-जाणारे होते. आता ती दोन वर्षांत खाली उतरली नव्हती.

सुरुवातीला कोणाला ते जाणवलेही नाही. आज पाय दुखतो, उद्या ऊन आहे, असे म्हणता म्हणता ती दारापर्यंत येऊन थांबू लागली. लिफ्टचे दार उघडले की तिचा चेहरा दगडासारखा होई. ब्रेकसाहेबांनी कारण शोधून काढले, आणि कारण सापडल्यावर उपाय केले. दोर नवे घालून घेतले. वेग कमी करून घेतला. आत एक स्टूल ठेवले, बॅटरीवर चालणारा दिवा बसवला, बोलायला फोन बसवला. एका दुपारी तिला समोर बसवून त्यांनी आकृती काढून समजावले, की दोर तुटला तरी लिफ्ट पडत नाही. दोन्ही बाजूंचे जबडे रुळांना घट्ट धरतात. तिने सारे ऐकून घेतले. "फार छान आहे," ती म्हणाली, आणि भाजी चिरायला उठली.

एकदा ती जिन्याने निघाली होती. जिना अरुंद, तिचे गुडघे दुबळे. तरी ती चौदाव्या मजल्यापर्यंत पोचली. तेथल्या दारावर नवी पाटी लागली होती. पायरीवर बसून ती बराच वेळ त्या पाटीकडे पाहत राहिली आणि मग उलटी वर आली. खुर्चीत बसवून नेण्याची गोष्ट मुलीने काढली, तेव्हा तिने एवढेच म्हटले, "मी सामान नाही. ज्या दिवशी सामान होईन त्या दिवशी खुशाल न्या."

आणि मग डोळे. काचबिंदूने उजवा डोळा कधी खाल्ला ते कोणालाच कळले नाही. डोळ्यांचे डॉक्टर एकदा मेहेरबानीने पेटी घेऊन वर आले, त्यांनी डाव्या डोळ्यात पाहिले आणि ब्रेकसाहेबांना बाजूला घेतले. "शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि यंत्रं काही मी पेटीतून आणू शकत नाही. त्यांना खाली आणा. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली आहे ती वाचवायची. आणि हा डोळा आपली वाट बघत बसणार नाही."

ब्रेकसाहेबांनी प्रश्न फळ्यावर मांडावा तसा मनात मांडला. ती उतरत नाही, कारण वर राहण्याची सोय आहे. सोय काढून घेतली की उतरावेच लागेल. म्हणून घर विकायचे. मिळेल त्या किमतीला, ताबडतोब ताबा देण्याच्या अटीवर. मुलगी फोनवर रडली. "बाबा, आईच्या पायाखालची जमीन काढून घेताय तुम्ही." त्यांनी उत्तर दिले, की जमिनीवरच तर आणायचे आहे. फोन ठेवल्यावर त्यांचे त्यांनाच ते उत्तर वाईट वाटले. परंतु दुसरा उपाय असता तर तो त्यांनी आधीच केला नसता का?

बायकोने विरोध केला नाही. ती फक्त येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी खरे बोलली.

दलालाचा फोन आला. "काका, मी अडकलोय, बाई एकट्याच येतायत. तुम्हीच दाखवा घर. आणि काका, काकूंना जरा… म्हणजे त्या वेळेपुरतं कुठे बाहेर पाठवता येईल का?"

"बाहेर?" ब्रेकसाहेब म्हणाले. "तेवढं जमलं असतं तर तुमची गरजच काय होती?"

बेल वाजली. दारात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. हातात पर्स, पायात सपाट बूट. शस्त्रक्रियेआधी भूल देणारी डॉक्टर म्हणून आयुष्य काढून ती नुकतीच निवृत्त झाली होती, आणि आता उंचावरचे शांत घर शोधत होती. तिने स्वतःच तसे सांगितले.

"म्हणजे माणसं झोपवायचं काम," बायको खुर्चीतून म्हणाली.

"झोपवणं सोपं हो. उठवायचे पैसे घ्यायचो आम्ही."

बायको हसली. ब्रेकसाहेबांना बरे वाटले. त्यांनी डॉक्टरीणबाईंना घर दाखवायला सुरुवात केली. काचेची पश्चिम भिंत, दोन्ही झोपण्याच्या खोल्या, भिंतीत बसवलेली कपाटे, ओट्याखालचे कप्पे, आवाज न करणाऱ्या खिडक्या. वारा नेमका तेव्हाच खिडकीच्या फटीतून शीळ घालू लागला. ते जरा मोठ्याने बोलू लागले. डॉक्टरीणबाई सगळे शांतपणे पाहत होत्या, नळ सोडून बघत होत्या, कपाटाचे दार उघडून लावत होत्या. घर आवडलेला माणूस असाच वागतो, हे ब्रेकसाहेबांना अनुभवाने ठाऊक झाले होते.

"हा दिवा जरा तिरका आहे का?" बाईंनी विचारले.

"बांधलाय त्यांनी," बायको म्हणाली. "सोडला की झुलतो. इमारत डुलते ना. पण पडत नाही हो, तेवढी खात्री हे देतील. आकृतीसकट."

बाईंनी दिव्याकडे पाहिले, दोऱ्याकडे पाहिले, आणि त्या बायकोसमोरच्या खुर्चीत बसल्या. "एक विचारू? इतकं चांगलं घर, या किमतीला. का विकताय?"

या प्रश्नाचे उत्तर ब्रेकसाहेबांनी तयार ठेवले होते. "मुलीजवळ राहायला जावं असं—"

"मला खाली उतरवायला," बायको म्हणाली.

ब्रेकसाहेब म्हणाले, "मी चहा टाकतो," आणि आत गेले. संपले होते. गेल्या खेपेला डुलण्याने घात केला, त्याआधी शिळेने. आणि आता हे. त्यांनी आधण ठेवले. मध्ये दार नव्हते, बिल्डरने सारे मोकळे ठेवले होते. प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"उतरत नाही तुम्ही?"

"दोन वर्षं झाली."

"कशामुळे?"

ब्रेकसाहेबांनी भांड्यावर झाकण ठेवले. आता ती म्हणेल, लिफ्ट बंद पडली होती. एवढेच ती सगळ्यांना सांगे.

"चौदाव्या मजल्यावर माझी मैत्रीण राहायची," बायको म्हणाली. "मैत्रीण म्हणजे काय, बाजारात बरोबर जायचं आणि नवऱ्यांच्या चुगल्या करायच्या. तिला नवरा नव्हता, म्हणून माझ्याच नवऱ्याच्या दोघी मिळून करायचो. एक दिवस अशाच निघालो. मी वरून आले, ती चौदाव्यावर आत आली, दार लागलं आणि वीज गेली. जनरेटर काही चालू होईना. हे धावत वरच्या यंत्राच्या खोलीत गेले. हातानं ब्रेक सोडून लिफ्ट हळूहळू उतरवायची असते. त्याचे नियम असतात. आधी सगळ्या मजल्यांची दारं बंद आहेत ना ते बघायचं, मग मुख्य बटण बंद करायचं, मग पुढचं. यांनी एकही नियम मोडला नाही."

त्या वाक्यात शाबासकी होती की टोमणा, हे ब्रेकसाहेबांना ओळखता आले नाही. ते वाक्य ते आजच पहिल्यांदा ऐकत होते.

"तिच्या छातीत कळ आली. घामानं भिजली. मी कोपऱ्यात बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंधार म्हणजे हात दिसत नव्हता. ती विचारायची, पोचलो का गं? मी म्हणायचे, पोचतोय. मग लिफ्ट जराशी खाली सरकली आणि परत थांबली. तशी म्हणाली, पोचलो ना? मी म्हटलं, हो, पोचलो."

ती थांबली.

"म्हणायला नको होतं हो. पोचलो म्हटल्यावर माणूस काय म्हणणार? म्हणाली, मग दार उघड. मी म्हटलं, उघडते हं. थोड्या वेळानं परत, उघड ना गं. मी म्हटलं, उघडतेय. शेवटी चिडली माझ्यावर. मोठ्यानं म्हणाली, काय गं तू, उघडत का नाहीस? मग काही बोलली नाही."

आधण उकळून वर येत होते. ब्रेकसाहेबांनी गॅस बंद केला, म्हणजे आवाज होणार नाही.

"आणि मग लिफ्ट खरंच पोचली. वीज आली होती तोवर. दार उघडलं, आपलं आपण. कुणी हातसुद्धा लावला नाही."

डॉक्टरीणबाईंनी अरेरे म्हटले नाही, देवाची मर्जी म्हटले नाही.

"यांना वाटतं, मला लिफ्टची भीती वाटते," बायको म्हणाली. "बिचाऱ्यांनी दोर बदलले, स्टूल ठेवलं. वर जाताना-येताना पडली तर पडली, माझं काय जायचंय? पण खाली पोचल्यावर ते दार उघडतं ना, इतकं सहज… ते मला बघवायचं नाही. डोळे गेले तर बरंच, असं सुद्धा कधीकधी वाटतं. पण उघडताना आवाज होतो की."

ब्रेकसाहेब ओट्याला धरून उभे राहिले. त्या दिवशी खाली धावत जाऊन ते तिला काय म्हणाले होते, ते त्यांना शब्दशः आठवत होते. लिफ्टने काही चूक केली नाही, असे म्हणाले होते. ब्रेक लागला, म्हणजे तिने आपले काम केले. बायको तेव्हा भिंतीला टेकून बसली होती आणि तिने मान हलवली होती. ते दोन वर्षे ब्रेक तपासत होते. दाराकडे त्यांचे लक्षच गेले नव्हते; दाराचा विभाग वेगळा होता.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "मी निघते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ते बाहेर आले. चहा झाला आहे असे त्यांनी सांगून पाहिले. त्या नको म्हणाल्या. घराबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. डॉक्टरांचा तो शब्द, वाट बघत बसणार नाही, ब्रेकसाहेबांच्या कानात वाजत राहिला. आता कोण येणार? आणखी एखादे गिऱ्हाईक, आणखी एक महिना. त्यांनी दार उघडले आणि लिफ्ट बोलावली. पाहुणा आला की दारापर्यंत यायचे, ही बायकोची रीत सुटली नव्हती. भिंतीला हात लावत तीही उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

लिफ्ट आली. डॉक्टरीणबाई आत गेल्या, आणि दार लागायच्या आत पुन्हा बाहेर आल्या.

"काय झालं?" बायकोने विचारले.

"बाई, तुम्ही मला हे सगळं सांगायला नको होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर आले तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आता मी एकटी कशी उतरू?"

"मी येतो ना सोडायला," ब्रेकसाहेब पुढे झाले.

"तुम्ही नको. तुम्ही मला वाटेत ब्रेकची माहिती द्याल."

बायकोला हसू फुटले, आणि ते तोंडावर असतानाच ती म्हणाली, "जिना आहे की."

"एकोणीस मजले? या वयात? पोचेन तेव्हा मलाच भूल द्यावी लागेल."

"मग खाली फोन करू का? पहारेकरी येईल वर."

"अनोळखी पुरुषाचा हात धरू होय मी?"

"मी काय कामाची?" बायको म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मला धड दिसत नाही."

"हात धरायला डोळे कशाला लागतात?"

लिफ्टचे दार लागू लागले. डॉक्टरीणबाईंनी मधे हात घालून ते थांबवले. ब्रेकसाहेबांनी तो हात पाहिला. तो हात अगदी स्थिर होता. पर्सच्या पट्ट्यावरचे बोटसुद्धा हलत नव्हते. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

"फार वेळ धरून ठेवलं की हे ओरडतं ना?" बाई म्हणाल्या. "मला खरंच भीती वाटतेय हो."

दार ओरडू लागले. बायको उंबऱ्यात उभी होती. तिचा हात भिंतीवर वर-खाली फिरला, जणू तिला तेथे काही सापडायचे होते. मग तिने भिंत सोडली. "अहो, कुणी माणूस असं एकटं जातं का?" ती रागावल्यासारखी म्हणाली, कोणावर ते कळले नाही. तिने पुढे केलेला हात बाईंनी धरला, आणि ती आत गेली. दार लागले.

ब्रेकसाहेब वर राहिले.

दारावरचा आकडा उतरू लागला. अठरा, सतरा. सोळा, पंधरा. चौदाचा आकडा इतर आकड्यांइतकाच वेळ दिसला आणि गेला. पुढचे आकडे त्यांना वाचता येईनात; त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, तोवर लिफ्ट तळाला पोचली होती.

आता दार उघडत असेल.

लिफ्ट बोलावायचे बटण हाताशी होते. त्यांनी हात मागे घेतला, पाठीशी दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मनोऱ्यातून आवाज येत नव्हता. या मनोऱ्यातला प्रत्येक आवाज ओळखणारा माणूस कान लावून उभा होता, आणि त्याला काहीही ऐकू येत नव्हते.

घरातला फोन वाजला. पहारेकरी होता.

"साहेब, बाईसाहेब खाली आल्यात."

"बऱ्या आहेत?"

"बाहेर पायरीवर उभ्या आहेत. त्या पाहुण्या बाई गेल्या गाडीनं. साहेब, बाईसाहेबांच्या पायात काही नाही. फरशी तापलीय."

"मी आणतो," ते म्हणाले. "त्यांना… काही विचारू नका. मी आणतो."

तिची बाहेर जायची चप्पल शोधायला वेळ लागला. ती कपाटाच्या तळाशी, जुन्या छत्रीमागे होती. पट्टा वाळून कडक झाला होता. त्यांनी तो अंगठ्याने वाकवून मऊ केला. मग लिफ्ट बोलावली आणि आत गेले.

या लिफ्टचे माप, तिचे वजन, तिचा वेग त्यांना पाठ होता. दार लागले. त्यांनी कोपऱ्यातले स्टूल उचलून बाजूला ठेवले आणि भिंतीला पाठ घासत हळूहळू तेथे खाली बसले. मांडी घातली. चप्पल मांडीवर घेतली. येथून छत फार उंच दिसत होते, आणि दार फार लांब. एक माणूस मांडीवर आडवा असेल तर पाय लांब करायला जागा उरत नाही, हे त्यांना मापावरून कधी कळले नव्हते. लिफ्ट उतरत होती. त्यांनी काहीही मोजले नाही.

तळाला दार उघडले. पहारेकरी धावत आला. "साहेब! पडलात का?"

"नाही, नाही." ते भिंतीला धरून उठले.

बायको बाहेरच्या पायरीवर, सावलीच्या कडेला उभी होती. पदर वाऱ्यावर उडत होता आणि तो सावरायचे तिच्या लक्षात नव्हते. तोंडावर ओल वाळल्यासारखी दिसत होती. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली नाही, फक्त पाय जरासा पुढे केला. ब्रेकसाहेबांनी वाकून तिच्यासमोर चप्पल ठेवली. तिने अंगठ्याने चाचपले.

"उलटी ठेवलीत हो. डावी उजवीकडे."

त्यांनी ती बदलली. तोल सांभाळायला तिने त्यांच्या खांद्यावर हात टेकला, आणि एकेक पाय आत सारला. हात मात्र तेथेच राहिला.

"वर जायचं?" त्यांनी खालूनच विचारले.

"आत्ताच तर आले," ती म्हणाली.

तिचा सारा भार खांद्यावर होता. गुडघे दुखत होते, तरी ते उठले नाहीत.